अक्षरांचं कुलूप

समजा तुम्ही वहीत 'माझी आजी' हा निबंध लिहिलात. काही वर्षांनी वही उघडली, तर आत आजीच नाही! नुसती इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि उलटेसुलटे कंस. वहीच्या बाबतीत असं होत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र झालं आहे, आणि आमच्याच घरी झालं आहे.

माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण जात्यावरच्या ओव्या तिला कितीतरी यायच्या. 1998 साली माझ्या वडिलांनी तिच्या तोंडून 112 ओव्या वहीत उतरवून घेतल्या. पुसदच्याच एका दुकानातून त्या संगणकावर टाइप करून घेतल्या आणि फ्लॉपीत ठेवल्या. पुढे आजी गेली. एका पावसाळ्यात वहीही भिजून गेली. राहिली ती फक्त फाइल. 2015 साली मी ती उघडली, तेव्हा आत्या शेजारीच बसली होती. पडद्याकडे बघून ती म्हणाली, "काहून रे बाबू, मायच्या ओव्या इंग्रजीत कोनं लिवल्या?"

लिहिल्या होत्या मराठीतच. मग असं का झालं? संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. पूर्वी फॉन्ट बनवणारे लोक इंग्रजी अक्षराच्या आकड्यावर आपलं मराठी अक्षर बसवत. एकाचा 'क' एका आकड्यावर, तर दुसऱ्याचा भलत्याच. ज्याचा फॉन्ट, त्याच्याकडेच किल्ली. तो फॉन्ट बाजारातून गेला, की तुमचं लिखाण कुलूपबंद! सगळ्यांचा आकडा एकच असावा म्हणून 1991 साली भारताने 'इस्की' नावाचं मानक ठरवलं. त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडमध्ये 'क'चा आकडा 2325, 'ळ'चा 2355. पुसदला असो की पॅरिसला, तोच. 'ॲप'मधला 'ॲ' मात्र 2008 साली आत आला. त्याचा आकडा 2418.

ओव्यांचं कुलूप उघडलं ते एका अनोळखी माणसाच्या प्रोग्रॅमने. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा तो प्रोग्रॅम त्याने सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. नुसता वापरायलाच नाही बरं का, आत कसा लिहिलाय ते बघायला आणि बदलायलासुद्धा. यालाच 'ओपन सोर्स' म्हणजे मुक्त स्रोत म्हणतात. तो प्रोग्रॅम हिंदीसाठी लिहिलेला होता. त्यामुळे 'दुसऱ्या'मधला 'ऱ्य' आणि आपला 'ळ' त्याला जमत नव्हता. माझा धंदाच प्रोग्रॅम लिहिण्याचा. मी त्यात थोड्या ओळी घातल्या आणि सुधारलेला प्रोग्रॅम त्या माणसाकडे परत पाठवला. आता तो दुसऱ्या कुणाच्या आजीलाही उपयोगी पडेल. तरी काही शब्द तुटकच राहिले. ते आत्याने पाठ म्हणून पुरे केले. संगणकाला जे जमलं नाही, ते तिला जमलं.

मग तुम्ही म्हणाल, सगळंच मुक्त का नाही करत? याच प्रश्नावर आम्हा प्रोग्रॅमवाल्यांची कडाक्याची भांडणं होतात. माझा एक मित्र म्हणतो, "ज्ञान वाटल्यानं वाढतं." तो लिनक्सचा दाखला देतो. 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने ते सुरू केलं, मग जगभरच्या लोकांनी वाढवलं. आज तुमच्या घरातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच आहे.

दुसरा मित्र लगेच म्हणतो, "ते खरं, पण वाटणाऱ्याच्या घरी चूल पेटायला नको?" त्याचंही खोटं नाही. इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या 'ओपनएसएसएल' या मुक्त प्रोग्रॅममध्ये 2014 साली 'हार्टब्लीड' नावाची मोठी चूक सापडली. तेव्हा जगाला कळलं, की इतक्या मोठ्या कामाची राखण मूठभर माणसं करत होती, तीही बहुतेक बिनपगारी! मग मोठ्या कंपन्यांनी वर्गणी काढली.

आणि तिसरी मैत्रीण म्हणते, "लोकांना भांडणाशी काय करायचंय? त्यांना सोय हवी." सोय तर हवीच. पण ऑनलाइन सोय म्हणजे भाड्याची खोली. मालकाने खोली बंद केली, की सामान काढावंच लागतं. भारतात घरोघरी पोचलेलं 'ऑर्कुट' 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झालं. लोकांनी हौसेने स्वतःची पानं सजवली होती ते 'जिओसिटीज' अमेरिकेत 2009 साली बंद झालं. ज्यांनी आपलं सामान वेळेवर उतरवून घेतलं नाही, त्यांच्या कितीतरी आठवणी तिथेच राहिल्या.

माझं मत विचाराल, तर तिघांचंही थोडं थोडं खरं आहे. पैसे देऊन घेतलेली वस्तू वाईट नसते आणि फुकट मिळालेली प्रत्येक वस्तू मुक्त नसते. म्हणून कुठलंही नवं ॲप घेताना आईबाबांबरोबर बसून तीन प्रश्न विचारा. माझं सामान मला हवं तेव्हा बाहेर काढता येतं का? काढलेलं सामान दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडतं का? आणि हे चालवणाऱ्याला पैसे कुठून मिळतात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही, तर पालकांनी जरा जास्तच विचार करावा. कधी कधी पैशांऐवजी आपली माहितीच घेतली जाते.

आणि नुसतं घेणारे राहू नका, देणारेही व्हा. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तिथे कुणालाही लिहिता येतं, चूक दुरुस्त करता येते. आपली पूस नदी, वसंतराव नाईकांचं गहुली, आपले बंजारा तांडे यांच्याबद्दल पुसदच्या मुलांनी नाही लिहायचं, तर कुणी? फक्त लिहाल ते खरं हवं आणि कुठून कळलं ते सांगता यायला हवं.

या सुट्टीत एक काम करा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. एखादी गोष्ट, एखादं गाणं, एखादा घरगुती उपाय, जे सांगतील ते लिहून घ्या. मग युनिकोडमध्ये टाइप करून साध्या फाइलीत दोन ठिकाणी ठेवा आणि एक प्रत कागदावर छापा. कागद मात्र पावसापासून जपा. कराल ना एवढं?