जेवणाच्या टेबलाची किंमत

घराचे काम काढले की जुन्या वस्तूंचा हिशेब करावाच लागतो. वरूडच्या आमच्या घरात जेवणघराचा अर्धा भाग तोडून आईसाठी खोली काढली, तेव्हा सहा खुर्च्यांचे टेबल मावेना. विकायचे ठरले.

टेबल परतवाड्याच्या सागवानाचे. 2014 साली 16,000 रुपयांना घेतलेले. पेशाने कारकून, त्यातून बी. कॉम., म्हणून आधी कागद-पेन्सिल घेतली. प्राप्तिकराच्या नियमांत फर्निचरवर वर्षाला 10 टक्के घसारा धरतात, तोही उरलेल्या किमतीवर. दहा वर्षांनी उरतात सुमारे 5,600. लाकडाला मात्र हे गणित ठाऊक नसते. सागाच्या अंगात तेल असते, त्याला वाळवी सहजी लागत नाही. भुशाच्या पाटीचे टेबल पाणी लागले की फुगते. तरी जुन्या फर्निचरवाल्याने 2,000 सांगितले. "भाऊ, आता लोकायले काचेचा टेबल पाह्यजे!"

मग एक सद्‌गृहस्थ आले. टेबलावरून हात फिरवला, सांधे हलवून पाहिले, 6,000 कबूल केले. चहा आला तेव्हा त्यांची नजर समोरच्या भिंतीवर, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांवर गेली. चहा तसाच राहिला. "घरी इचारून सांगतो," म्हणाले, आणि पुन्हा आले नाहीत. मी कारण विचारले नाही. नसेल पटले घरी. पण रात्री हिने विचारले, "पलंग असता त नेला असता का हो त्यायनं?"

वाचकहो, या प्रश्नावर मला झोप लागली नाही. माझे वडील संत्र्याच्या बागेत मजुरी करत. मालकाच्या घरच्या लग्नात त्यांची पंगत शेवटची, गोठ्याजवळ. बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात सांगून ठेवले, की नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही. इथे तर सोबत जेवायचेही नव्हते, फक्त लाकूड न्यायचे होते. आणि याच टेबलावर माझ्या मुलींनी दहावीचा अभ्यास केला, वस्तीतल्या पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरले गेले, 14 एप्रिलच्या वर्गणीचा हिशेब दरवर्षी इथेच जुळला. त्याचा घसारा कोणत्या वहीत लिहायचा?

महिनाभराने मोर्शी रस्त्यावर नवी खानावळ टाकणाऱ्या एक बाई आल्या. नवऱ्यामागे एकट्याने संसार ओढणाऱ्या. भिंतीकडे पाहून "जय भीम" म्हणाल्या, आपल्यातल्या नव्हत्या तरी. "हप्त्यानं देईन, चालन का भाऊ?"

4,500 ठरले, तीन हप्ते. ही म्हणाली, हजार सोडले. सोडले खरे. आता तिथे संत्र्याचे ट्रक भरणारे हमाल आणि ड्रायव्हर जेवायला बसतात. दोन हप्ते वेळेवर आले. तिसरा मृग बहराचा माल निघाला, गिऱ्हाईक वाढले की देणार आहेत. एका खुर्चीचा पाय डुगडुगत होता, तो मी परवा जाऊन ठोकून आलो.