वालधुनीच्या कांठानें

श्रावणांतल्या एका सोमवारीं अंबरनाथाच्या दर्शनास जाण्याचा आमच्या घरचा परिपाठ जुना आहे. या खेपेस मातोश्रींना सोबत म्हणून मी निघालों. पण माझें चित्त देवापेक्षां खिडकीबाहेरच्या झाडांतच गुंतलें होतें. मागील पावसाळ्यांत आम्हीं अंगणांत हौसेनें लावलेल्या तीन रोपांपैकीं दोन चैत्रांत वाळून गेलीं होतीं. आणि दोष उन्हापेक्षां आमचाच अधिक, हें मनाला बोचत होतें.

कल्याण सोडलें कीं विठ्ठलवाडी, आणि पाठोपाठ उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना येथील लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला व ८ ऑगस्ट १९४९ रोजीं वसाहतीला हें नांव लाभलें. रिकाम्या हातांनीं आलेल्या या मंडळींनीं केवढा उद्योग उभारला! मात्र अवघ्या १३ चौरस किलोमीटरांत २०११ च्या शिरगणतीप्रमाणें ५ लाखांवर माणसें. तेथें झाडाला जागा उरावी कोठें?

अंबरनाथचें शिवालय शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील, शिलाहार राजा मुम्मुणि याच्या काळचें. पायऱ्या उतरून गाभाऱ्यांत गेल्यावर अंगाला सुखद गारवा लागला. बाहेर येऊन पाहतों तों शेजारची वालधुनी, कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्यानें काळवंडलेली. मातोश्री क्षणभर थबकल्या व म्हणाल्या, "अरे, देवाच्या पायाशीं नदी आणि तिच्यांत हात बुडवण्याची सोय नाहीं!"

जवळच मलंगगडाच्या पायथ्याशीं मांगरूळ येथें २०१७ च्या जुलैंत एक लाख रोपें लावण्यांत आलीं. पुढें वणव्यांत त्यांतील हजारों जळालीं. लावणें एका दिवसाचें, राखणें अनेक वर्षांचें, हा धडा तेथें सर्वांनाच मिळाला. आम्हांला तर तो अंगणांतच मिळाला होता.

पुढें बदलापूर. उल्हास नदी राजमाचीकडून कर्जत, नेरळमार्गें येथें येते. २०१९ च्या २७ जुलैस तिच्या पुरामुळें बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि सुमारें एक हजार प्रवाशांना सोडवावें लागलें. एवढ्या अतिवृष्टीला केवळ झाडें थोपवतील असें नव्हे. परंतु उतारावर झाडी असली म्हणजे पालापाचोळ्यांतून पाणी जमिनींत मुरतें व मुळें माती धरून ठेवतात. उघड्या डोंगरावरचें पाणी माती घेऊन धांवत सुटतें आणि नदीचें पात्र गाळानें भरतें.

बदलापूर जांभळांसाठीं नांवाजलेलें. येतांना तेथून एक रोप आणलें. त्याच रात्रीं घरांतील सर्वांनीं वांटणी केली: कुंपण काकांनीं करावें, आळ्यांत पाल्याचें आच्छादन मुलांनीं घालावें, तांदूळ व भाज्या धुतलेलें पाणी वहिनींनीं राखून ठेवावें, आणि कार्तिकापासून मृगापर्यंत एकेका महिन्याचें शिंपण एकेकाकडे. असे तीन उन्हाळे काढावयाचे आहेत. मीं भिंतीवरील दिनदर्शिकेवर लावणाराचें नांव लिहूं लागलों, तोंच मातोश्री म्हणाल्या, "तें राहूं दे. पाणी कोण घालणार, तेवढें लिही."