एक घास भात

दुसऱ्याच्या घरी जेवावयास बसले असता यजमानाच्या औदार्याचे माप पानातील पदार्थांच्या राशीवरून करावयाचे, ही आपली जुनी खोड आहे. ही खोड किती अन्यायाची आहे, हे जपानातील क्योटो शहरी एका वृद्ध शिक्षिकाबाईंच्या घरी आम्हांस कळून आले.

त्या देशी चहापानाच्या विधीपूर्वी क्रमाक्रमाने वाढावयाच्या भोजनास 'काइसेकी' म्हणतात. या शब्दाचा अक्षरार्थ 'उराशी धरलेला दगड' असा आहे. झेन पंथाचे भिक्षू भुकेची कळ सोसण्यासाठी ऊन केलेला दगड वस्त्राआड धरीत, अशी त्यामागील आख्यायिका सांगतात. चहागुरू सेन नो रिक्यू (1522–1591) यांनी या भोजनास साधेपणाचे वळण दिले. त्यांच्या शिष्यांत ताकायामा उकोन नावाचे ख्रिस्ती सरदारही होते. विश्वासापायी 1614 साली त्यांस देशत्याग करावा लागला व पुढील वर्षी मनिला येथे ते निवर्तले.

बाईंनी गुडघे टेकून लाखेचे काळे तबक आमच्यापुढे ठेवले. पाहतो तो काय! एका वाटीत घासभर भात, दुसरीत मिसोचे सार, आणि पलीकडे कच्च्या माशाचे चार काप. आम्ही मनात म्हणालो, 'बिचारीची परिस्थिती बेताची दिसते.' पुढे झाकणाच्या वाटीतून ऊन रस्सा आला. मग भाजलेला मासा. मग सुमारे 24 सेंटिमीटर चौरस लाकडी तबकात समुद्राचा एक व डोंगराचा एक असे दोन जिन्नस. भाताचे भांडेही पुन्हा पुन्हा फिरले. पोट केव्हा भरले ते कळले नाही. बाई मात्र एकदाही आमच्या पंक्तीस बसल्या नाहीत.

त्या घासभर भाताविषयी आम्ही भीत भीत विचारले. त्या म्हणाल्या, "भात शिजताक्षणी, तो ओलसर आहे तोच, पहिला घास पाहुण्यांस द्यावयाचा असतो." म्हणजे आमच्या येण्याची घटका व चुलीवरील भाताची घटका त्यांनी जुळवून आणली होती! रश्शासाठी कोम्बू नावाची समुद्रवनस्पती त्यांनी रात्रीच भिजत घातली होती. याच कोम्बूच्या रसातून 1908 साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञांनी 'उमामी' नावाची चव शोधून काढली. मासा आणावयास बाई पहाटेच बाजारात गेल्या होत्या. आमचा मघाचा विचार आठवून आम्ही ओशाळलो.

शेवटी वाटीत ऊन पाणी आले. मुळ्याच्या लोणच्याच्या फोडीने वाटी पुसून ते पाणी पिऊन टाकावयाचे. एक शीतही वाया जाऊ द्यावयाचे नाही. मग आम्हां तिघा पाहुण्यांनी काड्या एकदम तबकात टाकल्या. त्या आवाजावरून यजमानास जेवण झाल्याचे समजते. नंतर आम्ही शिकविल्याप्रमाणे 'गोचिसोसामा' म्हणालो. त्यातील 'चिसो' या शब्दाचा मूळ अर्थ 'धावाधाव' असा आहे. पाहुण्यासाठी जो धावला, त्याचे हे आभार!

तो अर्थ ऐकला आणि आमची आई डोळ्यांपुढे उभी राहिली. सर्वांस वाढून झाल्यावर तव्यावरची शेवटची भाकरी ती खाई. जेवणापूर्वी देवाची उपकारस्तुती आम्ही कधी चुकविली नाही. परंतु चुलीपुढील त्या माउलीस आभाराचा एक शब्दही कधी बोललो नाही. उलट, भाजी अळणी झाली म्हणून एकदा भरले ताट सारून उठलो होतो. आज तो शब्द ऐकावयास ती या लोकी नाही.

विद्यार्थिमित्रांनो, अन्नदात्या प्रभूचे आभार मानावे आणि ज्या हातांकरवी त्याने ते अन्न दिले ते हात विसरावे, ही उपकारस्तुती अर्धीच होय. तुमच्या घरी तुमच्यासाठी कोणी तरी आज सकाळपासून धावत आहे. रात्री ताटावरून उठण्यापूर्वी त्यांस एक गोड शब्द बोला. आमच्यासारखा उशीर करू नका.