पंचनाम्यातला रिफ्लेक्टर

पंचनाम्यात लिहिलंय, 'ट्रॉलीच्या मागील बाजूस लाल रिफ्लेक्टर लावलेला आहे.' पंचनामा सकाळी नऊनंतर झाला. धडक पहाटे बसली, आणि तेव्हा त्या ट्रॉलीमागे काही म्हणजे काही नव्हतं.

जानेवारी होता. मी आणि बायको पुण्याहून सांगलीला येत होतो. पेठनाक्याला हायवे सोडला, आष्टा मागं टाकलं आणि तुंगच्या अलीकडे धुकं दाटलं. कृष्णाकाठी थंडीत हे नेहमीचंच. पाणी पाजलेली रानं, निरभ्र आभाळ आणि पडलेला वारा, की पहाटे धुकं जमिनीवर बसतंच. काय करायचं हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. अप्पर लावला तर उजेड धुक्यावरून उलटा डोळ्यांत येतो, म्हणून लाइट डिपरवर. काच आतून धुरकटू नये म्हणून एसी चालू. नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर, वेग तीसच्या आत. पण तीसच्या वेगानंही गाडी सेकंदाला आठ मीटर जाते, आणि पट्टीवरच उभी असलेली ती डबल ट्रॉली मला जेमतेम तेवढ्याच अंतरावर दिसली. मागे लोंबणाऱ्या उसानं दिवा झाकला होता. टायर बसलेलं, चाकाखाली दगड. मी उजवीकडे ओढली, तरी डावी बाजू उसात घुसली. बायकोचा हात मोडला.

तिला सांगलीत दवाखान्यात ठेवून, भावाला तिच्यापाशी बसवून मी परत आलो. ट्रॉलीला रिफ्लेक्टर होता! कोरा, वरचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं. अख्ख्या ट्रॉलीवर चिखल आणि तो तेवढा लखलखीत. मी हवालदारांना हात धरून दाखवला. ते म्हणाले, "साहेब, आत्ता समोर जे आहे ते लिहावं लागतं." मी म्हटलं, मग हे प्लॅस्टिकही लिहा. ते नाही लिहिलं. पंच म्हणून सही करणारे दोघं ट्रॉलीमालकाच्याच गावचे. वर मलाच विचारलं, "एवढ्या धुक्यात निघायचंच कशाला?" दूधवाले निघतात, एसटी निघते, दवाखाना गाठणारे निघतात. रस्ता काय फक्त उसासाठी आहे? माझा जबाब घेतला, पण विमा कंपनीचा माणूस आला तो पंचनाम्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवूनच.

खरं तर रिफ्लेक्टर नसण्यावर उपाय साधा आहे. हंगामाच्या सुरुवातीला कारखाने रिफ्लेक्टर वाटतात, फोटो निघतात. त्यापेक्षा वजनकाट्यावर नियम करावा: मागे रिफ्लेक्टर नाही, त्या गाडीचा काटा नाही. एका आठवड्यात सगळ्या ट्रॉल्या चमकायला लागतील. आणि पंक्चर काढून झाल्यावर चाकाचे दगड रस्त्यातच टाकून जातात, त्यावर रात्री मोटारसायकलवाले पडतात. ते उचलायला कुठला कायदा हवा?

त्या ड्रायव्हरला आत टाकलं पाहिजे, असं मी कितीतरी दिवस म्हणत होतो. बायको ऐकून घ्यायची. मग एकदा म्हणाली, "त्यानं स्वतःचं ब्लँकेट काढून माझ्या अंगावर घातलं होतं, ते नाही आठवत तुम्हाला?" आठवतं. बीडकडचा, विशीतला पोरगा. "मावशी, हात हलवू नका," म्हणत रस्त्यावर तिच्याशेजारी बसून होता. रात्रभर जागा होता. पैसे टनावर, त्यामुळे खेप बुडवून चालत नाही. रिफ्लेक्टर त्यानं लावलाच नसेल. मागाहून जीपमधून आलेल्या मालकाच्या माणसांनी लावला असेल.

आता दाव्यात माझी साक्ष होईल. रिफ्लेक्टर नव्हता असं मी सांगितलं, तर जीपमधल्यांचं काही बिघडणार नाही, त्या पोराचं लायसन्स जाईल. बायको म्हणते, सोडून द्या. मला नाही सोडता येत. मी सांगणार आहे.