द्राक्षासव घरीच राहिलं

केबिन क्रूचं प्रशिक्षण संपत आलं तेव्हा आमच्या हातात एक यादी पडली. ड्युटीवर येताना बॅगेत काय काय असलं पाहिजे, त्याची. मी सोलापूरची. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर शिलाई मशिनी चालतात, शाळांचे गणवेश शिवले जातात. 2017 साली गणवेश उत्पादकांचं मोठं प्रदर्शन भरलं ते आमच्याच गावात. त्यामुळे गणवेश म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण गणवेशामागून एवढा संसार ओढत न्यावा लागतो, हे मात्र नवीन होतं.

आमच्याकडे प्रवासाची तयारी म्हणजे ठरलेली रीत. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसायचं, सकाळी मुंबई. कुठं उतरायचं, कुणाकडे राहायचं, परत कधी यायचं, सगळं आधीच माहीत. त्या हिशेबानं कपडे घ्यायचे, वर कडक भाकरी, शेंगा चटणी, आणि गाडीत पांघरायला चादर. क्रूच्या यादीत यातलं काहीच नाही. पहिल्या ओळीपासून नुसती कार्डं आणि कागद.

एक कंपनीचं ओळखपत्र. एक विमानतळात आत जायचा पास, तो नागरी विमान सुरक्षा ब्यूरोचा. सुरक्षेचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण पास झाल्याचं कार्ड. पासपोर्ट. सुरक्षा पुस्तिका, जी आता टॅबमध्ये असते, पण नवी सुधारणा उतरवून घेतलेली हवी आणि टॅब चार्ज असायला हवा. आणि मनगटावर सेकंदकाटा असलेलं घड्याळ.

घड्याळावर मी अडले. मोबाइल असताना घड्याळ कशाला? प्रशिक्षकांनी सांगितलं ते असं. एखादा प्रवासी बेशुद्ध पडला तर नाडी मोजायची, ती सेकंदकाट्यावर. आणीबाणीत वैमानिक सांगतो, उतरायला अमुक मिनिटं आहेत. तेवढ्या वेळात प्रवाशांना तयार करायचं, केबिन आवरायची, स्वतः आसनावर पट्टा बांधून बसायचं. त्या वेळी पर्समध्ये फोन शोधत बसणार का? माझ्याकडे दहावीला मिळालेलं घड्याळ होतं, नक्षीदार आणि बिनसेकंदाचं. ते कपाटात गेलं.

अप्पांना कार्डांचं हे स्तोम पटेना. "राहिलं एखादं, तर दुसऱ्या दिवशी दाखवायचं की," ते म्हणाले. मग मी त्यांना होटगी रोडच्या विमानतळाचंच उदाहरण दिलं. 9 जून 2025 ला तिथून गोव्याचं विमान सुरू झालं, फ्लाय91 चं. माझी कंपनी वेगळी, आमचं विमान सोलापूरला येत नाही. पण नियम सगळ्यांना एकच. दर 50 आसनांमागे एक केबिन क्रू. गोव्याच्या त्या एटीआर विमानात सत्तरच्या आसपास आसनं, म्हणजे दोघीजणी पाहिजेतच. त्यातल्या एकीचं कार्ड उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगला निघालं नाही, तर तिला कामावर घेत नाहीत. मोठ्या शहरात बदली मुलगी मिळते. नाही मिळाली तर विमान जागेवर. अप्पा मशिनीवरून उठले, बॅगेच्या आतल्या बाजूला चेनचा एक कप्पा शिवून दिला आणि म्हणाले, "कार्डं हितंच राहू देत, दुसरं काय घालू नको."

यादीतला दुसरा भाग दिसण्याचा. नातेवाइकांना वाटत होतं, बॅग म्हणजे हाच भाग. अंबाड्यासाठी डोनट, जाळी, मूठभर पिना. लिपस्टिक, ठरलेल्या छटांतली. स्टॉकिंग्जचे जादा जोड, कारण ट्रॉलीच्या कडेला अडकून धागा सुटला की तो खालपर्यंत पळतो. त्याला जागच्या जागी थांबवायला पारदर्शक नेलपॉलिश. सुई-दोरा. एप्रन. गणवेशाचा एक जादा संच, कारण कुणाच्या तरी हातचा चहा आपल्यावरच सांडणार, हे सीनिअर मुली हवामान सांगावं तसं सांगतात.

बुटांचे दोन जोड का, हे मला विमानात चढल्यावर उमगलं. टाचांचे बूट विमानतळावर चालायला. आत गेल्यावर चपट्या बुटांत यायचं. बाहेरून विमान सरळ जाताना दिसतं, पण उंचीवर असताना त्याचं नाक बहुतेकदा थोडं वर असतं. म्हणजे भरलेली जड ट्रॉली पुढं नेताना आपण चढ चढत असतो, आणि मागं येताना तीच ट्रॉली आपल्याला ढकलते. टाच नकोशी होते. शिवाय घसरगुंडीवरून प्रवाशांना उतरवायची वेळ आलीच, तर टोकदार टाच आधी काढायला लावतात. ती कापडात घुसली तर घसरगुंडीच फाटायची.

कोरडी हवा आपल्याला नवी नाही, असा माझा समज होता. सोलापूरचा मे महिना काढलेल्या माणसाला आणखी काय कोरडं लागणार? पण जेट विमानाच्या केबिनमध्ये आर्द्रता बऱ्याचदा 20 टक्क्यांच्याही खाली असते. बाहेरची हवा इतक्या उंचीवर इतकी गोठलेली, की तिच्यात पाणी असं नसतंच. तीच दाबून, गरम करून आत घेतात. नाक आतून चुरचुरतं, ओठ फुटतात, हाताची कातडी कागदासारखी होते. म्हणून पाण्याची बाटली, हाताचं क्रीम, ओठांचं मलम, ही चैन नसून कामाची अवजारं.

हवेच्या दाबाचाही असाच एक धडा. केबिनमधला दाब जमिनीवरच्याइतका ठेवत नाहीत. तो 8,000 फूट, म्हणजे सुमारे 2,400 मीटर उंचीवर असतो तितका खाली येऊ शकतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. म्हणजे चहा वाटत वाटत मी कळसूबाईच्याही वर उभी असते. घट्ट झाकणाचे डबे फुगतात, शाईचं पेन गळतं, लोशनची बाटली उघडली की फुर्रकन उडते. बाटल्या काठोकाठ न भरता हवा दाबून काढून बंद करायच्या, आणि प्रत्येक बाटली वेगळ्या पिशवीत. सर्दी झाली असेल तर बॅग भरायचीच नाही. चोंदलेल्या नाकानं खाली उतरताना कानाचा पडदा फाटू शकतो. अशा वेळी आजारी असल्याचं कळवणं हाच नियम.

सर्दीवरूनच आजीचा विषय निघाला. प्रत्येक दुखण्यावर आजीचं औषध ठरलेलं: द्राक्षासव. तिनं बाटली कपड्यांच्या मधोमध गुंडाळून ठेवली होती. आसवं आणि अरिष्टं आंबवूनच करतात, त्यामुळे त्यांत मद्यार्क आपसूक तयार होतो. क्रूची उड्डाणाआधी श्वासाची तपासणी होते, आणि तिथं शून्याच्या वर काहीच चालत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, 2023 मध्ये नियम आणखी स्पष्ट केले: मद्यार्क असलेली औषधं तर नाहीतच, तसला माउथवॉश आणि दात घासायची जेलसुद्धा नको. आजीला हे सांगताना माझी पंचाईत. "द्राक्षासवाला दारू म्हणतात व्हय तुमच्यात?" ती म्हणाली. बाटली घरीच राहिली. सोबत काकूंनी दिलेलं होमिओपॅथीचं द्रव औषध आणि खोकल्याचं सिरपही.

खाण्याच्या बाबतीत मात्र सोलापूर जिंकलं. पुष्कळ क्रू स्वतःचा डबा नेतात, कारण ड्युटी लांबते आणि ताटातलं रोज तेच ते खाऊन कंटाळा येतो. सुकं खोबरं सामानात टाकून विमानाच्या पोटात पाठवता येत नाही, त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. पण आपल्या शेंगा चटणीत शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं. खोबऱ्याचा संबंध नाही. कोरडी, टिकाऊ. अट एकच, लसणाचा वास गणवेशाला आणि तोंडाला लागता कामा नये. म्हणून चटणी उघडायची ती हॉटेलच्या खोलीत, ड्युटी संपल्यावर. कडक भाकरी टिकते, पण ट्रॉली बॅग फरशीवरून धडधडत गेली की तिचा भुगा होतो. तो दह्यात कालवला की भागतं. चादरीला जागा मिळाली नाही, ती फार जड. तिच्या जागी आपल्याकडचाच एक छोटा टर्किश टॉवेल बसला.

ही चाकांची उभी बॅगही आधी आमच्याच धंद्यातली. 1987 साली नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे वैमानिक रॉबर्ट प्लाथ यांनी दोन चाकं आणि लांब दांडा लावून ती बनवली. सुरुवातीला ती क्रूच्या हातात दिसली, मग प्रवाशांनी मागायला सुरुवात केली. त्याही आधी, 1930 मध्ये अमेरिकेत एलन चर्च ही परिचारिका पहिली विमान परिचारिका झाली. त्या काळच्या मुलींना रेल्वेचं वेळापत्रक जवळ बाळगायला सांगत, विमान मध्येच कुठं अडकलं तर प्रवाशांना गाडीनं पाठवता यावं म्हणून.

त्या वेळापत्रकानं माझा गोंधळ बराचसा निवळला. आपण बॅग भरतो ती कुठं जायचंय ते धरून. क्रूची बॅग भरायची ती कुठं जाऊ ते ठाऊक नाही, हे धरून. स्टँडबायला असताना फोन आला की निघायचं. श्रीनगर की कोची, हे तेव्हाच कळणार. म्हणून स्वेटर आणि सुती कुडता दोन्ही, कायमचे. पॉवर बँक नेहमी सोबतच्या हातबॅगेत, कारण ती विमानाच्या पोटात टाकायला बंदी आहे. आणि प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, म्हणजे पहाटे दिवा न लावताही हात बरोबर तिथंच जातो. लिपस्टिक विसरली तर मैत्रीण देते. कार्ड कुणी उसनं देत नाही.

आता गल्लीतल्या मुली येतात, बारावी झालेल्या, मुलाखतीची स्वप्नं बघणाऱ्या. ताई, बॅग कुठली घेऊ, लिपस्टिक कुठली, विचारतात. बॅग कंपनी देईल, मी सांगते. आधी पासपोर्टचा अर्ज भरा आणि त्यातलं नाव, जन्मतारीख दहावीच्या दाखल्याशी अक्षरान् अक्षर जुळते का बघा. मग सेकंदकाट्याचं साधं घड्याळ घ्या. चटणी शेवटी.