भरपाई कोणाची झाली?

चि. बापू यास,



तुझ्या शाळा-केंद्राच्या शिक्षण परिषदेतील भाषणाचे कात्रण पोचले. छायाचित्र झोकदार आले आहे, पोट मात्र आवर. पण त्याखालचे, महासाथीतील शैक्षणिक हानी आता भरून निघाली, हे तुझे विधान वाचल्यापासून मला चैन नाही, आणि तुझ्या मामीचा निषेध पत्करून हे पत्र रात्रीच लिहायला घेतले आहे.

तू दिलेले 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाचे आकडे खोटे नाहीत. ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०१८ साली शेकडा २७.३ होती, ती २०२२ साली २०.५ वर आली आणि २०२४ साली पुन्हा २७.१ झाली. परंतु अरे शहाण्या, २०२४ ची तिसरी म्हणजे २०२२ च्या जूनमध्ये उघड्या शाळेत पहिलीला बसलेली मुले. ज्यांच्या पदरी तोटा आला ती ही नव्हेत. २०२० साली ज्यांचे नाव पहिलीच्या हजेरीपटावर चढले पण ज्यांना वर्ग दिसला नाही, ज्यांच्यासाठी आपल्या महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे दार डिसेंबर २०२१ मध्ये किलकिले होऊन जानेवारीत पुन्हा लागले, आणि तरीही जी बिनबोभाट वरच्या इयत्तेत ढकलली गेली, ती २०२४ साली पाचवीत होती. आणि ग्रामीण भारतातील त्या पाचवीत दुसरीचा उतारा वाचणारी शेकडा ४८.८ निघाली. २०१८ च्या पाचवीतही ५०.५ च होती, असे तू म्हणशील. म्हणजे दुखणे जुने आहे एवढ्यावरून रोग्याला बरा झाल्याचा दाखला द्यायचा की काय?

हे तुला मी सांगावे? 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणून रोज भ्रमणध्वनीवर पाठ येत, आणि तो भ्रमणध्वनी बापाच्या खिशात बसून दिवसभर कामावर जाई, तेव्हा मोटारसायकलीला फळा बांधून वस्तीवर जाणारा तूच होतास ना? सोलापुरात नीलमनगरच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, त्याची बातमी मला कौतुकाने तूच धाडली होतीस. केंद्रप्रमुखाची खुर्ची मिळताच तपशिलाची जागा शेकडेवारीने घ्यावी, याचे मला वाईट वाटते.

माझे वेड तुला ठाऊक आहे: प्रकट वाचन. मूल मोठ्याने वाचू लागले की ते कोठे अडखळते, कोठे चित्र पाहून अंदाजाने दडपून नेते, हे ऐकणाऱ्याला तत्काळ उमगते. स्वाध्यायपुस्तिका उलट सुबक अक्षरात फसवते, कारण फळ्यावरचे उतरवायला वाचता यावे लागत नाही. आणि वाचता न येणाऱ्या मुलाला भूगोल काय, शाब्दिक गणित काय, सारेच मुके. २०२० ची ती मुले आता माध्यमिकच्या वाटेला लागली आहेत. तेथला शिक्षक म्हणणार, वाचन शिकवणे प्राथमिकचे काम. प्राथमिकचा म्हणणार, ती आमच्या पटावर नाहीत. या दोन दप्तरांच्या मध्ये ती गहाळ होतील, ही धास्ती मला झोपू देत नाही.

तेव्हा पुढच्या परिषदेआधी आपल्या केंद्रातील निदान दोन शाळांत जाऊन थोरल्या इयत्तांतील मुलांचे वाचन स्वतः ऐक. वर्गासमोर उभे करून नव्हे, एकेकाला शेजारी बसवून. काय ऐकलेस ते सविस्तर लिही, तक्ता भरून पाठवू नकोस.

मामीने मेतकूट दिले आहे. मागचा डबा अद्याप परत आलेला नाही, याची ती रोज आठवण करते.

तुझा,
नानामामा