विहिरीच्या पोटातले स्फटिक

महाराष्ट्रातले देखणे स्फटिक बहुतेक वेळा दुसऱ्याच कशासाठी तरी खोदताना हाती लागले आहेत. खाणवाल्याला खडी हवी असते, शेतकऱ्याला पाणी. त्यांच्या सुरुंगाच्या वाटेत एखादी पोकळी आली, तर पुढचा बार उडायच्या आत आम्हा नमुने गोळा करणाऱ्यांना तिथे पोचायचं असतं. बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर पोखरला तेव्हाही असंच झालं. घाट 1863 मध्ये खुला झाला आणि तिथले झिओलाइट गटातले स्फटिक थेट लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमपर्यंत गेले.

आपला बेसाल्ट म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. थराच्या वरच्या भागात वायू अडकून पोकळ्या राहिल्या. तो मांजऱ्या खडक. सलग, कठीण असतो तो काळा पाषाण. स्फटिक शोधायचे ते मांजऱ्यात. लाव्हा थंड झाल्यावर कोट्यवधी वर्षं गरम पाणी त्यातून झिरपत राहिलं आणि विरघळलेली द्रव्यं पोकळ्यांच्या भिंतींवर साचत गेली. पुष्कळदा आधी कॅल्सेडनीचं अस्तर, मग ह्यूलँडाइट, स्टिल्बाइट, त्यावर अपोफिलाइट दिसतं. पण हा क्रम सगळीकडे सारखा नसतो आणि माझ्या लेखी खरी गोडी तिथेच आहे.

विहिरीत मी यारीच्या पाटीतून उतरते, तेही मिस्त्रींनी सगळे बार उडाल्याची खात्री करून, कडेचे सैल दगड पाडून झाल्यावरच. आत धूळ, ओल आणि सुरुंगाचा उग्र वास. मिस्त्री पहारीने भिंत ठोकत जातात. ‘‘म्याडम, हितं पोकळ वाजतंय,’’ म्हणाले की त्यांचा कान चुकत नाही. भोक आधी बोटभरच करायचं आणि टॉर्च लावायचा. अपोफिलाइट असेल तर टोकाचा सपाट चौकोन मोत्यासारखा चमकतो. त्याच चौकोनाला समांतर हा स्फटिक अगदी सहज दुभंगतो. घणाचा हादरा लांबून आला तरी टोक उडतं. म्हणून छिन्नी स्फटिकापासून वीतभर दूर, खडकात चालवायची आणि नमुना त्याच्या दगडी बैठकीसकट उचलायचा. ओकेनाइटच्या पांढऱ्या गोळ्यांना तर हातच लावू नये. त्यांचे तंतू एकदा दबले की पुन्हा उभे राहत नाहीत. धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश. आम्ल चुकूनही वापरू नका. कॅल्साइट जातोच, स्कोलेसाइटसारखे झिओलाइटही त्यात टिकत नाहीत.

राहुरीजवळ मोमीन आखाड्याला विहीर खोदताना गर्द हिरवा अपोफिलाइट निघाला. तो रंग व्हॅनेडियमचा. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतल्या कॅव्हन्साइटचा निळा रंगही व्हॅनेडियममुळेच. हे खनिज पहिल्यांदा सापडलं अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, पण जगभरच्या संग्राहकांना ते हवं असतं वाघोलीचं.

एवढं असून कित्येक नमुन्यांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘पूना’ लिहिलेलं असतं. मला याचा मनापासून राग येतो. पुण्याभोवती खाणी किती, त्यांत थर किती! कोणत्या गावची विहीर, किती खोलीवर, कोणत्या थरात, शेजारी कोणती खनिजं होती, कोण कोणावर वाढलं होतं, हे लिहिलेलं नसेल तर खडकात ते गरम पाणी कधी आलं, त्यात काय होतं, याबद्दल तो सुंदर तुकडा काहीही सांगू शकत नाही. विकताना सोयीचं म्हणून बैठकीचा खडक तासून टाकतात, तेव्हा उरलासुरला पुरावाही जातो.

मी नोंद विहिरीतच करते, पेन्सिलीने, कारण शाई ओलीने पसरते. थराचं रेखाचित्र, काठापासून टेपने मोजलेली खोली आणि पोकळीचा जागच्या जागी काढलेला फोटो. नमुना वर्तमानपत्रात गुंडाळतानाच चिठ्ठी आत घालते. घरी गेल्यावर लिहू म्हटलं तर दोन पुड्यांची अदलाबदल ठरलेली. वर येऊन सगळं सावकाश करायची सोय नसते. खाणीतली भिंत उद्या क्रशरमध्ये जाणार असते आणि विहिरीला चांगलं पाणी लागलं, तर आठवडाभरात तो थर पाण्याखाली जातो.